कबड्डीपटू आणि धावपटूंना स्नॅच-क्लीन शिकवावे का?

येऊरवाट (धागाकर्ता)

ठाण्यात कळव्याच्या बाजूला मी शाळा-महाविद्यालयांतील मुलामुलींच्या एका गटाला सराव देतो. गटात काही कबड्डीचे खेळाडू आहेत, तर काही १०० ते ४०० मीटर धावणारे. अलीकडे पालक, खेळाडू आणि सोबतचे प्रशिक्षक या सर्वांकडून एकच प्रश्न वारंवार येतो: स्फोटक ताकद वाढवायची असेल, तर ऑलिम्पिक भारोत्तोलनातील स्नॅच आणि क्लीन अँड जर्क हे प्रकार शिकवायलाच हवेत का? (स्नॅचमध्ये बार, म्हणजे दोन्ही टोकांना वजने लावलेली दांडी, जमिनीवरून एका दमात डोक्यावर नेतात; क्लीनमध्ये तो आधी खांद्यावर झेलतात आणि जर्कमध्ये तेथून डोक्यावर नेतात.) मैदानावर आयुष्य घालवलेल्या अनेक जुन्या प्रशिक्षकांना अजूनही वाटते की वजन उचलल्याने अंग जड होते आणि चपळाई जाते. त्याउलट, जिममध्ये तयार झालेल्या तरुण प्रशिक्षकांचा आग्रह असतो की बार खांद्यावर झेलल्याशिवाय वेग येतच नाही. मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. माझी बाजू सविस्तर मांडून जाणकारांचे म्हणणे ऐकावे, यासाठी हा धागा काढत आहे.

प्रथम हिशेब पाहू. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. समजा, एका खेळाडूने १५० किलोचा डेडलिफ्ट (भार जमिनीवरून उचलून मांडीपर्यंत आणत सरळ उभे राहणे) अर्धा मीटर वर आणायला दोन सेकंद घेतले, तर त्याची सरासरी शक्ती सुमारे ३७० वॉट भरते. आता त्याच खेळाडूने ८० किलोचा क्लीन केला आणि बार मांडीच्या मध्यापासून वर जाताना ०.२ सेकंदात त्याचा वेग सेकंदाला १ मीटरवरून १.६ मीटरपर्यंत नेला, असे धरू. या छोट्या टप्प्यात शक्ती सुमारे १३०० वॉट येते, म्हणजे वजन जवळपास निम्मे असूनही शक्ती साडेतीन पट होते. यात एका उचलीचा सर्वांत वेगवान तुकडा दुसऱ्या संपूर्ण उचलीशी ताडून पाहिला आहे, त्यामुळे तुलना पूर्ण समान नाही. तरीही भारोत्तोलनाबद्दल खेळाडूंना जे आकर्षण वाटते, त्याचे मूळ या आकड्यांत आहे.

दुसरी बाब वेळेची. वेगात धावताना पाय जमिनीला साधारण ०.१ सेकंद टेकतो. स्नायूला आपले कमाल बल उभे करायला मात्र ०.३ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणून धावपटूकडे एकूण बल किती आहे, याइतकेच पहिल्या ०.१ सेकंदात त्यातले किती बाहेर येते हेही महत्त्वाचे ठरते. कबड्डीत चढाईपटूला ३० सेकंद मिळतात, पण त्याच्या चढाईचा निकाल बोनस रेषेवरून मागे फिरण्याच्या एका क्षणात लागतो.

असे असले तरी माझा अनुभव सांगतो की आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांची अडचण वेगाच्या आधीची असते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या वजनाइतका भार खांद्यावर घेऊन नीट बैठक मारता येत नसेल, तर त्याच्याकडे वेगाने बाहेर काढण्याजोगे बलच कमी असते. त्याला स्नॅचचे तंत्र शिकवण्यात महिने खर्च केले, तर बार इतका हलका राहतो की त्याच्या स्नायूंना विशेष काही घडत नाही. म्हणून माझे मत असे आहे की आधी स्क्वॉट (भार घेऊन मारलेली बैठक), डेडलिफ्ट, खेचणे आणि ढकलणे यांत पाया तयार करावा, मग बार मांडीपासून स्फोटकपणे वर खेचण्याचे प्रकार घ्यावेत आणि बार झेलण्याचा भाग ज्यांच्याकडे वेळ व मार्गदर्शक दोन्ही आहेत त्यांच्यापुरता ठेवावा. यावर इतरांचे काय म्हणणे आहे?


नेरूळ_प्लॅटफॉर्म

विषय चांगला मांडला आहे आणि हिशेबही योग्य आहे. मी स्वतः स्पर्धात्मक भारोत्तोलन केले आहे आणि आता नेरूळला मोजक्या मुलामुलींना शिकवतो. आपल्या निष्कर्षाच्या पहिल्या भागाशी मी सहमत आहे, शेवटच्या भागाशी नाही.

ज्यांनी हा प्रकार जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी क्लीनचे टप्पे सांगतो. पहिल्या खेचीत बार जमिनीवरून गुडघ्यापर्यंत येतो, आणि हा टप्पा बराचसा डेडलिफ्टसारखा, संयमाचा असतो. बार गुडघा ओलांडतो तेव्हा छाती वर येते आणि सरळ होत आलेले गुडघे पुन्हा किंचित वाकून बारखाली सरकतात. बाहेरून हा टप्पा दिसतही नाही, पण पुढच्या स्फोटासाठी स्नायू येथेच ताणले जातात. मग दुसरी खेच येते, ज्यात घोटा, गुडघा आणि कंबरेचा सांधा एकाच झटक्यात उलगडतात. येथे हात ओढत नाहीत. ते दोरीसारखे सरळ राहतात आणि काम पाय व नितंब करतात. यानंतर बार क्षणभर स्वतःच्या वेगाने वर जात असताना उचलणारा त्याच्याखाली शिरतो आणि कोपरे पुढे काढून तो खांद्यावर झेलतो.

झेलण्याचा हा भाग वगळावा असे आपण म्हणता, तेथे माझा मतभेद आहे. कबड्डीत कोपऱ्यातला खेळाडू समोरून अंगावर येणाऱ्या चढाईपटूला थोपवतो, तेव्हा त्याला अंगावर आलेले बल क्षणात शोषून स्थिर राहावे लागते. क्लीन झेलताना शरीर तेच शिकते, कारण वरून येणाऱ्या भाराखाली पाय, पोट आणि पाठ एकाच वेळी घट्ट होतात. बल निर्माण करण्याचे व्यायाम पुष्कळ आहेत. ते वेगाने स्वीकारायला शिकवणारे फार थोडे आहेत. शिवाय बार खांद्यावर नीट बसला की नाही हे खेळाडूला स्वतःलाच कळते. नुसत्या खेचीत आळस केला तरी बार वर जातो आणि खेच चांगली झाली असा समज होतो.

आपल्या राज्यातील उदाहरण द्यायचे तर सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५ असे एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळवले, तेही क्लीन अँड जर्कच्या प्रयत्नांत कोपराला दुखापत झालेली असताना. सुवर्णपदक अवघ्या १ किलोने हुकले. स्वतःच्या वजनाच्या जवळपास अडीच पट भार डोक्यावर नेणाऱ्या माणसाचे अंग जड झाले आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. मुलांनी या उचली संथ गतीने पुन्हा पुन्हा पाहाव्यात, म्हणजे वजन आणि चपळाई यांत वैर नाही हे त्यांना समजेल.


येऊरवाट

नेरूळ_प्लॅटफॉर्म, बल स्वीकारण्याचा आपला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि तो मी मूळ लेखात घ्यायला हवा होता असे कोणी म्हटले तर तेही योग्यच ठरेल. माझा आक्षेप झेलण्याच्या उपयुक्ततेवर नाही, त्यासाठी लागणाऱ्या वेळेवर आहे.

आमची मुले सकाळी महाविद्यालयात जातात, काही क्लासला जातात आणि संध्याकाळी मैदानावर येतात. ताकदीच्या सरावासाठी आठवड्यात जेमतेम दोन संध्याकाळी मिळतात, आणि त्याही पाऊण-पाऊण तासाच्या. बार खांद्यावर झेलण्यासाठी मनगट, खांदे, पाठीचा वरचा भाग आणि घोटे यांत पुरेशी लवचिकता हवी. ती नसलेल्या मुलाचे कोपरे खाली पडतात आणि सगळा भार मनगटावर येतो. हे सुधारेपर्यंत हंगाम सुरू होतो. हीच क्षमता उंचावरून उतरून स्थिर होणे, समोर बार धरून केलेला फ्रंट स्क्वॉट आणि जोडीदाराने अनपेक्षितपणे ढकलल्यावर जागेवर टिकणे यांतून बऱ्याच अंशी मिळते.

टिमथी सुकोमेल, पॉल कम्फर्ट या क्रीडाविज्ञान संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकभरात याच प्रश्नावर पुष्कळ काम केले आहे. बार न झेलता केलेल्या खेचीतूनही झेलण्याच्या प्रकारांइतका लाभ होऊ शकतो, असा त्यांच्या मांडणीचा रोख आहे. शिवाय झेलायचे नसल्यामुळे खेळाडूला क्लीनमधील आपल्या कमाल वजनापेक्षा जास्त वजनही वापरता येते, आणि बलाच्या बाजूने विचार केला तर हा फायदा लहान नाही.

भारोत्तोलकासाठी स्नॅच हाच खेळ आहे, म्हणून त्याने त्यातली प्रत्येक बारीक गोष्ट शिकलीच पाहिजे. चढाईपटूसाठी मात्र ते सरावाचे एक साधन आहे आणि त्याला गुण मिळतात ते मॅटवर.


पाचपाखाडी_तालीम

मी वयाने बराच मोठा आहे आणि माझी सगळी घडण व्यायामशाळेत झाली. जोर, बैठका, मल्लखांब, मुद्गल हा आमचा सराव होता. या चर्चेत त्याचा उल्लेख कोणी केला नाही, म्हणून लिहीत आहे.

बैठका आणि जोर यांनी शरीर तयार होते यात शंका नाही, पण त्यांची एक मर्यादा मी अनेक मुलांमध्ये पाहिली आहे. मुलगा पन्नासवरून पाचशे बैठकांवर जातो, तेव्हा त्याचा दम आणि चिकाटी वाढते, मात्र प्रत्येक बैठकीत पायांना उचलावा लागणारा भार तेवढाच राहतो. म्हणून एका टप्प्यानंतर त्याच्या उडीत किंवा धावेच्या पहिल्या पावलांत फरक पडत नाही. ताकद वाढवायची तर भार वाढलाच पाहिजे. आमच्या काळात हे काम खांद्यावर जोडीदाराला बसवून काढलेल्या बैठका आणि जड मुद्गल करत असत. आज बार तेच काम अधिक मोजून-मापून करतो.

दुसरीकडे, मल्लखांब केलेली मुले बारजवळ आली की फार लवकर शिकतात, असे मी ठामपणे सांगू शकतो. त्यांची पकड मजबूत असते, खांदे मोकळे असतात आणि आपले शरीर हवेत कोठे आहे याचे भान त्यांना असते. ठाण्यात जुन्या क्रीडा मंडळांची परंपरा मोठी आहे. चरईच्या मावळी मंडळासारख्या संस्थांमुळे कित्येक पिढ्या मैदानावर आल्या. लहान वयात मुलांना थेट जिमच्या यंत्रांवर बसवण्यापेक्षा वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत असे सर्वांगीण व्यायाम करू द्यावेत आणि मग बार हातात द्यावा. येऊरवाट आणि नेरूळ_प्लॅटफॉर्म या दोघांचेही काम त्याने सोपे होईल.


सांधा_आणि_स्नायू

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि वाशीत काम करते. वयाच्या प्रश्नावर थोडे विस्ताराने लिहिते, कारण पालकांची सर्वांत मोठी भीती तेथे आहे.

वजन उचलल्याने मुलांची उंची खुंटते, या समजुतीला आधार देणारा विश्वासार्ह पुरावा नाही. जाणकाराच्या देखरेखीखाली, वयानुरूप भाराने केलेला ताकदीचा सराव मुलांसाठी सुरक्षित आणि उपयुक्त आहे, अशी भूमिका अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या आणि ताकद-प्रशिक्षणाच्या प्रमुख संघटनांनी घेतलेली आहे. उंचावरून उडी मारल्यावर किंवा धावताना सांध्यांवर येणारे बल अनेकदा मध्यम वजनाच्या स्क्वॉटपेक्षा जास्त असते, आणि त्याबद्दल मात्र कोणी चिंता करत नाही. देखरेख हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. मुलांना इजा होते ती बहुतेक वेळा कोणी लक्ष देत नसताना, मित्रांसोबत कमाल वजनाची पैज लागते तेव्हा किंवा वजन पायावर पडल्याने.

मला खरी काळजी दोन ठिकाणी वाटते. पहिली कंबरेच्या मणक्यांची. वाढीच्या वयात पाठ पुन्हा पुन्हा मागे वाकवून भार घेतला, तर मणक्याच्या मागील भागात ताणामुळे सूक्ष्म भेग पडू शकते. जर्कमध्ये बार डोक्यावर नेताना ज्या मुलांचे खांदे पुरेसे उघडत नाहीत ती कमरेतून मागे झुकून ती उणीव भरून काढतात, आणि धोका नेमका तेथे आहे. अशा मुलांना डोक्यावरचा भार देऊच नये. एखाद्याला पाठ मागे वाकवताना, विशेषतः एका पायावर उभे राहून, कमरेच्या एका बाजूला दुखत असेल, तर सराव थांबवून तपासणी करून घ्यावी.

दुसरी काळजी गुडघ्याची. कबड्डीत गुडघ्याचे अस्थिबंध फाटण्याच्या दुखापती नवीन नाहीत, आणि मुलींमध्ये जोखीम अधिक असते. उडीवरून उतरताना गुडघे आत वळत असतील, तर त्या मुलीला क्लीन झेलायला लावणे म्हणजे तीच चूक भाराखाली पक्की करणे होय. आधी उतरणे सुधारा. मांडीच्या मागच्या स्नायूंकडेही सर्वांचे दुर्लक्ष होते. गुडघ्यांवर बसून, जोडीदाराने घोटे धरलेले असताना शरीर सावकाश पुढे सोडण्याचा नॉर्डिक व्यायाम समाविष्ट केलेल्या संघांमध्ये या स्नायूंच्या दुखापती जवळपास निम्म्याने कमी झाल्याचे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. त्याला बार लागत नाही, जिम लागत नाही. एक चटई आणि एक जोडीदार पुरतो. येऊरवाट यांच्या पाऊण तासातली शेवटची पाच मिनिटे त्याला द्यावीत असे मी आग्रहाने सुचवेन.


ऐरोलीची_आई

सर्वांचे लेखन काळजीपूर्वक वाचत आहे. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे आणि शाळेच्या संघातून कबड्डी खेळते. नेरूळ_प्लॅटफॉर्म सर आणि वाशीच्या फिजिओ ताई यांना दोन प्रश्न विचारते. पहिला असा की मुलींनी बार उचलण्याची सुरुवात किती वजनाने करावी, आणि त्यामुळे तिचे वजन वाढून ती स्पर्धेच्या वजनगटाबाहेर तर जाणार नाही ना? दुसरा प्रश्न जागेचा आहे. आमच्या भागातील एका जिममध्ये चौकशी केली, तेव्हा बार खाली टाकायला आणि हाताला खडू लावायला तेथे मनाई असल्याचे कळले. जिम इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे आणि खाली दुकाने आहेत, त्यामुळे त्यांची अडचणही मला समजते. अशा ठिकाणी हा सराव करता येतो का?


नेरूळ_प्लॅटफॉर्म

ताई, आपल्या मुलीसाठी बार वेगळा असतो हे आधी सांगतो. पुरुषांचा स्पर्धेचा बार २० किलोचा आणि २८ मिलिमीटर जाडीचा असतो, तर महिलांचा १५ किलोचा आणि २५ मिलिमीटरचा. लहान हाताला जाड बार नीट धरता येत नाही आणि मग पकडीमुळेच तंत्र बिघडते. नवशिक्या मुलींना १५ किलोही पहिल्या दिवशी देऊ नयेत. ५ ते १० किलोचे सरावाचे हलके बार मिळतात, आणि ते नसतील तर झाडूचा दांडा किंवा पीव्हीसीची नळी चालते. अंगठा बारभोवती घेऊन त्यावर पहिली दोन बोटे दाबायची, ही भारोत्तोलकांची पकड पहिल्या दिवसापासून शिकवावी. सुरुवातीला अंगठा दुखतो, नंतर सवय होते.

वजन वाढण्याबद्दल निश्चिंत राहा. एका सेटमध्ये, म्हणजे सलग उचलींच्या एका फेरीत, कमी आवर्तने, दोन सेटमध्ये पुरेशी विश्रांती आणि वेगावर भर अशा पद्धतीने सराव केला, तर ताकद मुख्यतः मज्जासंस्थेच्या अधिक चांगल्या वापरातून वाढते आणि शरीराचे वजन फारसे बदलत नाही. भारोत्तोलन हा मुळात वजनगटांचा खेळ आहे. मीराबाई चानूने टोकियोत ४९ किलो गटात राहूनच ८७ आणि ११५ असे २०२ किलो उचलून रौप्यपदक जिंकले. महिलांचे भारोत्तोलन ऑलिम्पिकमध्ये आले ते २००० साली सिडनीला, आणि त्याच वर्षी कर्णम मल्लेश्वरीने ६९ किलो गटात २४० किलो उचलून भारताला कांस्यपदक मिळवून दिले. मुलींनी वजन उचलावे की नाही, हा प्रश्न आपल्या देशापुरता तेव्हाच निकाली निघाला असे मी मानतो. पंधराव्या वर्षी मुलीचे वजन वाढत असेल, तर त्यातला बराचसा भाग नैसर्गिक वाढीचा असतो. वजनगटासाठी तिला उपाशी ठेवू नये, एवढी विनंती करतो.

आता जागेबद्दल. येथे मला येऊरवाट यांचे म्हणणे व्यवहारात मान्य करावे लागते. बार टाकता येत नसेल, तर जड क्लीन आणि स्नॅच करूच नयेत, कारण फसलेली उचल सुरक्षितपणे सोडून देता येणे हा या तंत्राचाच भाग आहे. बार टाकायला घाबरणारा खेळाडू तो चुकीच्या स्थितीतही वाचवू पाहतो आणि मनगट किंवा पाठ दुखावून घेतो. अशा जिममध्ये मांडीपासूनची खेच, एका हाताने डंबेलचा स्नॅच, हलका भार धरून मारलेल्या उड्या आणि मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू) दोन्ही हातांनी मागे फेकणे, एवढे प्रकार पुरेसे आहेत. घरी फ्लॅटमध्ये, विशेषतः घोडबंदर रोडसारख्या भागातील उंच टॉवरमध्ये, बार टाकून सराव करण्याचा विचारही करू नये.

उचल सुरू होताना बार किती उंचीवर असावा, याबद्दल एक गोष्ट जिमवाले हमखास विसरतात. स्पर्धेच्या रबरी बंपर प्लेटचा व्यास ४५० मिलिमीटर असतो आणि त्यामुळे बार जमिनीपासून ठराविक उंचीवर राहतो. लहान लोखंडी प्लेट लावल्या की बार खूप खाली जातो आणि खेळाडूची पाठ सुरुवातीलाच गोल होते. अशा वेळी प्लेटखाली रबराचे ठोकळे ठेवून उंची वाढवून घ्यावी. आपल्याकडच्या खाडीलगतच्या दमट हवेत बारची, प्लेट बसवलेली टोके फिरायची थांबतात, हेही लक्षात ठेवायला हवे. क्लीन झेलताना टोके फिरली नाहीत तर प्लेटचा सगळा पीळ मनगटावर येतो. पावसाळ्यात बार दर आठवड्याला कोरड्या ब्रशने साफ करून टोकांना तेलाचे थेंब सोडावेत. या कामासाठी मी मुलांना पाळ्या लावून देतो.


पामबीच_सकाळ

मी लांब पल्ल्याचा धावक आहे आणि ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनसारख्या शर्यतींची तयारी करतो. धावकांच्या गटात ताकदीच्या सरावाबद्दल नेहमी एकच भीती असते, ती म्हणजे दोन्ही केल्यास एकही नीट होणार नाही. आम्हाला या धाग्यातून काही घेता येईल का?


येऊरवाट

नक्की घेता येईल, पण आपल्याला क्लीन-स्नॅचची गरज नाही. १९८० साली संशोधक रॉबर्ट हिकसन यांनी दाखवले होते की ताकद आणि दमसास यांचा भरपूर सराव एकत्र केला, तर काही आठवड्यांनी ताकदीची वाढ थांबते. मात्र तेथे नुकसान ताकदीचे झाले होते. दमसास कमी झाला नव्हता. आपण भारोत्तोलक नसल्यामुळे हा तोटा आपल्याला परवडतो. जड वजनाचे, मोजक्या आवर्तनांचे स्क्वॉट आणि पोटऱ्यांचे व्यायाम आठवड्यातून दोनदा केल्यास त्याच वेगाने धावताना लागणारा प्राणवायू कमी होतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. हा सराव वेगवान धावण्याच्या दिवशीच, धावणे आटोपल्यावर काही तासांनी करावा, म्हणजे हलके दिवस खरोखर हलके राहतील. चढावर धावणे हादेखील भाराचाच एक प्रकार आहे, आणि येऊर, पारसिक किंवा खारघरची टेकडी त्यासाठी आपल्या हाताशी आहे.

आता माझ्या गटासाठी काय ठरवले आहे ते लिहितो, कारण या चर्चेमुळे त्यात बदल झाले आहेत. पहिल्या संध्याकाळी पूर्ण वॉर्म-अपनंतर उड्या आणि उतरण्याचा सराव, मग मांडीपासूनची खेच, त्यानंतर स्क्वॉट आणि शेवटी नॉर्डिक. दुसऱ्या संध्याकाळी फ्रंट स्क्वॉट, रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे फारसे न वाकवता कमरेतून झुकून केलेला), पुल-अप आणि मेडिसिन बॉलची फेक. वेगाचे काम नेहमी आधी, कारण थकलेला स्नायू वेगाने काम करायला शिकत नाही. भार किती आणि किती वेळा, यासाठी सोव्हिएत प्रशिक्षक अलेक्झांडर प्रिलेपिन यांचा तक्ता आजही उपयोगी पडतो. कमाल वजनाच्या ८० ते ९० टक्क्यांत एका सेटमध्ये २ ते ४ आवर्तने आणि संपूर्ण सत्रात साधारण १५ उचली, तर ७० ते ८० टक्क्यांत ३ ते ६ आवर्तने आणि १८ उचली. हा तक्ता भारोत्तोलकांच्या नोंदींवरून तयार झाला असल्याने, मैदानावरही घाम गाळणाऱ्या मुलांसाठी मी त्यातल्या खालच्या मर्यादेजवळ राहतो. खेचीच्या सेटमध्ये बारचा वेग डोळ्यांना कमी झालेला दिसला की आवर्तने शिल्लक असली तरी सेट थांबवायचा.

ज्या मुलांनी मल्लखांब केला आहे आणि ज्यांचे खांदे-मनगट मोकळे आहेत, अशा दोघा-तिघांना मात्र मी पुढच्या सुट्टीत ठाणे-पनवेल मार्गाच्या लोकलने नेरूळला पाठवणार आहे. नेरूळ_प्लॅटफॉर्म, झेलणे त्यांना आपणच शिकवावे. पाचपाखाडीच्या काकांनी सांगितलेला निकष निवडीसाठी वापरला आहे.


नेरूळ_प्लॅटफॉर्म

अवश्य पाठवा. पहिले काही दिवस त्यांच्या हाती फक्त नळी असेल, हे त्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे हिरमोड होणार नाही.


सांधा_आणि_स्नायू

योजनेत दोन गोष्टींची भर घालावीशी वाटते. स्पर्धेच्या आठवड्यात ताकदीचा सराव पूर्ण बंद करू नये. उचलींची संख्या निम्म्यावर आणावी आणि वजन जवळपास तेवढेच ठेवावे, म्हणजे मिळवलेली ताकद टिकते आणि पाय ताजे राहतात. अंग दुखवणारा नवा व्यायाम मात्र त्या आठवड्यात सुरू करू नये. नॉर्डिक तर मुळीच नाही, कारण पहिल्यांदा करणाऱ्याच्या मांड्या दोन-तीन दिवस आखडतात.

दुसरी गोष्ट पावडरींची. जिममध्ये कोणी सुटी किंवा बिननावाची पावडर दिली, तर खेळाडूने घेऊ नये. अशा मिश्रणांत प्रतिबंधित द्रव्ये सापडल्याची उदाहरणे जगभर आहेत, आणि उत्तेजक चाचणीत शरीरात जे सापडते त्याची जबाबदारी खेळाडूवरच येते, ते नकळत गेले असले तरीही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना डाळ, उसळी, दूध, अंडी, मासे आणि पुरेशी झोप यांतून जे मिळते ते पुरेसे असते. झोपेबद्दल पालकांनी विशेष लक्ष द्यावे; रात्री उशिरापर्यंत फोन आणि पहाटे क्लास असलेल्या मुलाकडून बारजवळ फार अपेक्षा ठेवता येत नाहीत.


ऐरोलीची_आई

सर्वांची मनापासून आभारी आहे. शेवटचा प्रश्न विचारते. सराव लागू पडत आहे की नाही, हे जिममधील वजनांव्यतिरिक्त घरच्या घरी कसे कळेल?


येऊरवाट

ताई, जागेवरून मारलेली लांब उडी, भिंतीला खडूच्या खुणा करून मोजलेली उभी उडी आणि ३० मीटर धावण्याची वेळ, या तीन नोंदी पुरेशा आहेत. लांब उडीसाठी टेप लागतो आणि टाचेपर्यंतचे अंतर मोजायचे असते. नोंद दर चार-पाच आठवड्यांनी, त्याच जागी, त्याच बुटांत आणि आदल्या दिवशी विश्रांती घेऊन करावी. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर घेतलेल्या वेळा कोरड्या दिवसांच्या वेळांशी ताडून पाहू नयेत. तीन प्रयत्नांतला सर्वोत्तम लिहावा. स्क्वॉटचे वजन वाढत असून उडी सलग दोन नोंदींत वाढली नाही, तर भार थोडा कमी करून वेगाचे काम वाढवावे. उडीही वाढत नाही आणि स्क्वॉटही, असे झाले तर आधी झोप, जेवण आणि एकूण सामन्यांची संख्या तपासावी. मुलीच्या पहिल्या नोंदी येथे लिहिल्या, तर पुढची दिशा सुचवता येईल.